थिर्झा कुठे कुठे बुडाली

मॅन्सफील्ड,
बुधवार, न्याहारी उरकल्यावर

तीर्थरूप थिर्झामावशीला,

भाचा क्लेमंटचा वाकून नमस्कार. (वाकलो हे खरंच वाकलो. गोंदाच्या बाटलीचं झाकण टेबलाखाली गेलं होतं. ते काढायला गेलो, कमरेत कळ आली, तिथेच थोडा वेळ बसून राहिलो आणि म्हटलं, आता मावशीला पत्र लिहायचंच.) तुझा गुडघा कसा आहे? नव्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या तू स्वतः घेते आहेस, की मागच्यासारख्या खिडकीतल्या जिरेनियमला घालते आहेस? ते जिरेनियम त्या वर्षी फार छान आलं होतं, हे मान्य. तू विणून पाठवलेले मोजे मिळाले. एक दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब आहे, पण ऊब दोन्हींत सारखीच आहे. रोवीना ठणठणीत आहे, म्हणजे मला पूर्वीइतकंच बोलते. तुमच्याकडे किनाऱ्यावर वारं सुटलं असेल. इकडे वारं नाही, नुसतं आभाळ आहे.

नमनालाच घडाभर तेल जाळतोय, हे तू ओळखलं असशील. लहानपणी मी तुझ्या स्वयंपाकघरात येऊन हवापाण्याच्या गप्पा काढल्या की तू चुलीकडून न वळता विचारायचीस, "काय फोडलंस?" तर मावशी, या खेपेला फोडलेलं काही नाही. बनवलं आहे. मी जेबेझकाकांची बोट बनवली आहे. कागदाची, टेबलावर ठेवण्याएवढी, निळी-पांढरी, पुढे तुझं नाव लिहिलेली. तुला न विचारता बनवली. आणि ती सध्या जगभर बुडते आहे.

हे आजच सांगायचं कारण म्हणजे मी घाबरलो आहे. पुढच्या शनिवारी (येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या) ब्रिडलिंग्टनच्या सभागृहात आमच्या खेळवाल्या मंडळींचं संमेलन आहे. तुमच्या चर्चच्या बायकांनी तिथे चहा-केकचं टेबल लावायचं पत्करलंय, आणि त्यात तुझ्या शेजारच्या हेस्परबाई आहेत असं कळलं. हेस्परबाईंच्या पोटात बातमी किती वेळ राहते हे मी तुला सांगायला नको. त्यात त्यांच्याकडे आता फोटो काढणारा फोन आहे. त्या किटली खाली ठेवून सहज आमच्या टेबलाकडे आल्या, तर त्यांना गर्दीच्या मधोमध 'थिर्झा' दिसणार, आणि माझा अंदाज असा की ती त्या वेळी पेटलेली असणार. तो फोटो तुझ्या दाराशी माझ्या आधी पोचला तर मी तुला तोंड कसं दाखवू? म्हणून आधीच सांगतो, आणि हेही सांगतो, की तू 'काढून टाक' असा एक शब्द लिहिलास तरी मी बोट काढून टाकीन, सगळीकडून, त्याच दिवशी. आता ऐक, हे कसं घडलं ते. ऐकताना बसून घे, गुडघ्यासाठी.

मूळ दोष आमच्या हिचा, रोवीनाचा. निवृत्त झाल्यावर मी घरात बसून तिच्या कपाटांवर बाण लावायला लागलो. सगळी नोकरी काउंटीच्या रस्तेखात्यात पाट्या आखण्यात गेलेली. लोकांनी कुठे वळायचं आणि कुठे नाही, हे सांगायची सवय घड्याळ आणि निरोपाचा केक दिला म्हणून जात नाही. चहाच्या डब्याकडे जाणारा बाण पाहिल्यावर ती म्हणाली, "क्लेमंट, आठवड्यातून एक संध्याकाळ तरी तू बाहेर जा. नाहीतर मी जाते, आणि मी गेले तर परत यायची पाटी लावून ठेवू नकोस." म्हणून मी मंगळवारी चॅपलच्या हॉलमध्ये जायला लागलो. तिथे साठी उलटलेली माणसं लांबलचक टेबलावर निळं कापड अंथरून बोटभर उंचीच्या शिशाच्या माणसांच्या लढाया लावतात. हातात फासे, गळ्यात मापाची फीत. 'तुमची गोळी माझ्या कप्तानापर्यंत पोचत नाही' यावरून अशी भांडणं होतात की शेजारच्या खोलीतली भजनी मंडळी थांबून ऐकतात. जीव कोणाचा जात नाही, बिस्किटं तेवढी जातात. (तू म्हणशील, पुरुषांना कामं नाहीत. बरोबर आहे. नाहीत.)

आमचे म्होरके अँब्रोज, दातांचे डॉक्टर होते. अजूनही समोरचा बोलायला लागला की ते आधी दात बघतात आणि मग ऐकतात. त्यांना किनाऱ्यावरच्या चोरट्या मालाचा खेळ मांडायचा होता: एकीकडे ब्रँडीची पिंपं घेऊन पळणारे कोळी, दुसरीकडे जकातवाले. त्याला बोटी हव्यात, आणि विकतच्या बोटी जड, महाग, वर आपल्या किनाऱ्याच्या तर कोणी करतच नाही. अँब्रोज मला म्हणाले, "तुम्ही रेघा मारणारे ना? मग कागदाच्या आखा की. संगणकावर एकदा आखली की ज्याला हवी त्याने घरी छापावी, कापावी, चिकटवावी. बुडाली तर दुसरी छापावी." हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. माझं सगळं लक्ष 'आपला किनारा' या शब्दांवर होतं. माझ्या डोक्यात एकच बोट आली. दुसरी येणार कुठून? मला दुसरी माहीतच नाही.

कागदाची बोट म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे पोरं डबक्यात सोडतात ती आली असेल. तशी नव्हे. ही पाण्यात सोडायची नसते, तिला तळच नसतो. पाण्याच्या रेषेवर ती सपाट कापलेली असते, म्हणजे टेबलावर ठेवली की उरलेली बोट खाली पाण्यात आहे असं सगळ्यांनी समजायचं. (काका यावर काय म्हणाले असते ते मला रोज दाढी करताना ऐकू येतं: "तळ नाही? अरे क्लेमी, मग ती बोट नव्हे, ते कुंपण.") आणि कागदाचा स्वभाव असा, की तो एका वेळी एकाच दिशेला वाकतो. दुसरीकडे वाकवायला गेलं की सुरकुततो किंवा फाटतो. आपल्या किनाऱ्याची कोबल, काकांची होती ती मासेमारीची बोट, मात्र पुढच्या टोकाला, नाळेपाशी, एकाच वेळी आत जाते, वर जाते आणि बाहेरही झुकते. त्यात ती एकावर एक चढवलेल्या फळ्यांची. बाणासारखी एकही सरळ रेघ तिच्यात नाही. मी आयुष्यभर सरळ बाण काढलेला माणूस. पहिली बोट चिकटवून झाली तेव्हा ती बुटासारखी दिसत होती. दुसरी त्याच बुटाचा जोड निघाली. रोवीनाने दोन्ही दाराशी पायपुसण्यावर ठेवून दिले आणि आल्यागेल्याला दाखवले. शेवटी मी नाळेचे तीन वेगवेगळे तुकडे केले, प्रत्येकाला चिकटवायची बारीक पट्टी ठेवली, घडीच्या रेघेवर सुरीची बोथट बाजू फिरवली, कडा निळ्या शाईने रंगवल्या, आणि एका दुपारी ती एकदम उभी राहिली. मावशी, खरं सांगतो, तिने मान वर केली. भरतीच्या आधी ती वाळूवर जशी मान वर करून बसायची, अगदी तशी. मी रोवीनाला हाक मारली. तिने पायपुसण्यावरचे ते दोन्ही बूट उचलून आत ठेवले, आणि रोवीनाने ते उचलले म्हणजे समजून घे.

(गेल्या नाताळात मी तुझ्याकडून जुन्या फोटोंचा बिस्किटाचा डबा 'नीट आल्बममध्ये लावून देतो' म्हणून आणला, तो का, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. आल्बम अजून आणलेला नाही. डबा सुरक्षित आहे.)

पण ती मान वर केलेली खरी थिर्झा खेळात चालेना. आमची शिशाची माणसं प्रत्येकी एका गोल चकतीवर उभी असतात, नाहीतर पडतात. काकांच्या बोटीत माणसं शेजारी शेजारी कुठे बसायची? एकामागे एक, खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या फटीत. मापाने केलेल्या बोटीत एकसुद्धा चकती बसेना. सगळे खलाशी काठावर कोंबड्यांसारखे ठेवावे लागले आणि कोणी टेबलाला धक्का दिला की सगळे एकदम आत्महत्या करायचे. मंगळवारी सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की थिर्झा फार अरुंद आहे. मी तिला कमरेत थोडी रुंद केली. पुढच्या मंगळवारी म्हणाले, अजून. मी अजून केली. आता तिच्यात चार माणसं आणि दोन पिंपं आरामात बसतात, आणि ती बाजूने पाहिली तर काकांची बोट आहे पण वरून पाहिली तर बेकरीतला फुगलेला पाव आहे. तुझी माफी मागण्याच्या गोष्टींत ही एक धरून ठेव. अजून आहेत.

नाव बदललं असतं तर यातलं काहीच तुझ्यापर्यंत आलं नसतं, असं रोवीना म्हणते. तिचं बोलायला काय जातं, ती समुद्रापासून लांबच्या लीस्टरची. बोटीचं नाव बदललं तर समुद्र ओळख देत नाही, हे मला कोणी शिकवलं? तूच, कपडे वाळत घालताना, तोंडात चिमटा धरून. तरी एका संध्याकाळी मी संगणकावर 'थिर्झा' खोडून 'मार्जरी' लिहिलं आणि छापायला दिलं. छपाईयंत्राने कागद अर्धा ओढला, चघळला आणि तसाच धरून ठेवला. दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागलं. तो म्हणाला जाड कागद घातल्यामुळे झालं. तो बिचारा कोळ्यांच्या घरात वाढलेला नाही. मी मुकाट्याने नाव परत तुझं केलं.

आता पहिल्या दिवसाचं सांगतो, आणि आधीच हात जोडतो. आमच्या मंडळींत एक समजूत आहे, आणि ती तुमच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही समजुतीइतकी पक्की आहे: नवीन रंगवलेलं किंवा नवीन बांधलेलं काहीही पहिल्या खेळात पहिलं मरतं. महिना खपून रंगवलेला घोडेस्वार पहिल्या फाशाला पडतो. हे टाळायला लोक पहिल्या दिवशी नवी वस्तू खोक्यातच ठेवतात, तिला लढाईचा नुसता वास घेऊ देतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी थिर्झा अभिमानाने मधोमध नेऊन ठेवली. त्यावर अँब्रोजनी काय करावं? माल म्हणून पिंपांशेजारी त्यांनी शिशाचा एक प्राणी ठेवला. तोच, ज्याचं नाव तुमच्या घरात बोटीच्या आसपास कोणी घेत नाही. चार पाय, वळलेली शेपूट, चपटं नाक, चिखलात लोळणारा. (मी नाव लिहीत नाहीये, काळजी करू नकोस. लिहितानासुद्धा मी दुसऱ्या हाताने लोखंडाला शिवून बसलो आहे.) मी म्हटलं, "अँब्रोज, तो खाली उतरवा." ते म्हणाले, "का? चोरटा मालच आहे, पायांवर चालणारा." मी म्हटलं, "तो कोबलमध्ये बसत नाही." त्यांनी फीत लावून दाखवली की बसतो. मी रुंद केली होती ना.

थिर्झा पहिल्याच फेरीत बुडाली. तोफ लागली, आग लागली, आणि फासे असे पडले की आमच्यातल्या सर्वांत जुन्या माणसानेही तसे पडलेले पाहिले नव्हते. वर त्याच वेळी कोणाचा तरी चहा सांडला आणि ती नियमाने बुडाली होती ती खरोखरही बुडाली. नाळेचे ते तीन तुकडे उकलून तीन दिशांना गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ते तीन तुकडे गोळा करून खिशात घातले. कागदाच्या बोटीसाठी तोंड पाडून बसलेल्या माणसाला कोणी काय सांगणार? अँब्रोज म्हणाले, "घरी जाऊन दुसरी छापा." आणि मी छापली. हेच तर वाईट आहे मावशी. ती परत छापता येते.

इथवर प्रकरण चॅपलच्या हॉलमध्ये होतं. पुढची अक्कल माझीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आमच्या मंडळींचं इंटरनेटवर एक पान आहे, तिथे आमच्या बोटी ठेवायच्या ठरल्या. अशा पानावर एक बोट फुकट ठेवतात, म्हणजे लोकांना चटक लागते. मी म्हटलं, सगळ्यांत चांगली ठेवू. मला वाटलं मान दिला. फुकटची बोटच सगळे घेतात, आणि जी सगळे घेतात तीच सगळे बुडवतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी मला पत्रं येतात. थिर्झा फिनलंडमध्ये बर्फात अडकली. थिर्झावर ब्राझीलमध्ये चाचे चढले. थिर्झाला एका माणसाच्या मांजराने खाल्लं, आणि तो विचारतो की गोंद विषारी आहे का. कॅनडाच्या मधोमध, जिथून कुठल्याच बाजूला समुद्र नाही, अशा गावातला एक गहू पिकवणारा माणूस दर रविवारी थिर्झा घेऊन निघतो आणि दर रविवारी आठ हातांचं एक जनावर तिला खाली ओढून नेतं. त्याचं पत्र फार आदबशीर असतं. तो शेवटी लिहितो, 'तुमची थिर्झा शेवटपर्यंत झुंजली.' ते वाचून मी तुला फोन करायला उठलो होतो, मग परत बसलो.

तक्रारी वेगळ्याच. अमेरिकेतले लोक त्यांच्या वेगळ्या मापाच्या कागदावर छापतात, 'पानात बसवा' ही खूण तशीच राहू देतात, आणि मग लिहितात की थिर्झा आखूड आहे. जे बरोबर छापतात ते लिहितात की थिर्झा जाड आहे. एकाने लिहिलं की थिर्झाची पिछाडी कोरी का, सगळी बोट इतकी निगुतीने काढून मागची फळी नुसती पांढरी सोडली, कंटाळा आला का? मी या सगळ्यांना उत्तरं लिहितो. रोवीना मागून वाचते आणि म्हणते, "बाईमाणसाच्या नावाने काय काय लिहून घेतोस रे." तिला सांगितलं, बोटीबद्दल आहे. ती म्हणते, "मावशींना सांग तसं." तर सांगितलं.

आता तू विचारशील, आणि विचारायलाच हवं, की एवढं सगळं होताना मी थांबलो का नाही. मावशी, तू त्या दिवशी किनाऱ्यावर नव्हतीस. काकांनी सरकारी योजनेत मासेमारीचा परवाना परत दिला आणि अट अशी होती की बोट मोडायची, विकायची नाही, बागेत ठेवायची नाही, मोडायची. तू दार लावून आत भाकरी भाजत बसलीस आणि त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरी एक एक भाकरी पाठवलीस. मी किनाऱ्यावर काकांशेजारी उभा होतो. ते पिवळं यंत्र आलं, त्याने एकदा दाबलं, आणि आवाज झाला तो मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लहान होता. काका म्हणाले, "चांगली बांधली होती." त्यानंतर ते बोटीबद्दल बोलले नाहीत आणि तूही बोलली नाहीस, आणि ते गेले तेव्हासुद्धा त्या घरात कोणी तो विषय काढला नाही. मला ते आवडलं नाही. मला ते अजूनही आवडत नाही. हजार वेळा बुडालेली बोट निदान हजार वेळा निघाली तरी असते. मोडलेली कुठेच निघत नाही. मी स्वतःला असं समजावतो. तुला ते पटेल की नाही, हे मला कळत नाही, आणि त्याच काळजीने या आठवड्यात माझं जेवण कमी झालं आहे (रोवीनाने पुडिंगही केलं नाही, म्हणाली वाया जाईल).

शनिवारबद्दल अँब्रोजशी बोललो. म्हटलं, संमेलनात तरी थिर्झाला बुडवू नका, तिच्या गावच्या बायका येणार आहेत. ते म्हणाले, "क्लेमंट, फाशांना कोणाचं गाव माहीत नसतं." मी म्हटलं, मग तिला खेळात घेऊ नका, कडेला वाळूवर ठेवा. ते माझ्या दातांकडे बघत म्हणाले, "तुमच्या मावशींना विचारलं का?" नाही विचारलं. "मग त्यांना विचारा, आणि त्या म्हणतील ते करू. त्या 'बुडवा' म्हणाल्या तर बुडवू, 'काढा' म्हणाल्या तर टेबलावरूनच काढू." दातांचा डॉक्टर असून माणूस वाईट नाही. आणि त्या प्राण्याला शनिवारी घरी ठेवायचं त्यांनी कबूल केलं आहे. तेवढं तरी मी मिळवलं.

तर हे असं आहे. तू रागावली असशील तर एका ओळीचं पत्र टाक, मी सगळं उतरवतो. रागावली नसशील तरी टाक, कारण न आल्यास मी पहिलंच समजेन. गुडघ्याला जप, गोळ्या स्वतः घे, हेस्परबाईंना आमचा नमस्कार सांग पण यातलं काही सांगू नकोस.

तुझ्या धाकात अजूनही असलेला,
क्लेमंट

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. वर लिहिलं आहे की तू म्हणालीस तर मी बोट सगळीकडून काढून टाकीन. तसं करता येत नाही. ज्यांनी घेतली त्यांच्याकडे ती आहेच, मी फक्त आमच्या पानावरून काढू शकतो. कॅनडातला तो शेतकरी रविवारी निघणारच. हे तुला आधी सांगायला हवं होतं, पण तिथे लिहिताना हिंमत झाली नाही.

ता. क. २. पाकिटात एक जाड कागद आहे, घडी घालू नकोस. त्यावर थिर्झाची मागची फळी मोठी करून छापली आहे, नुसती कड, आत कोरी. पेन्सिल आणि मुलांच्या रंगखडूंची डबीही ठेवली आहे. कंटाळा आला म्हणून ती पांढरी सोडली नाही, मावशी. ती बाजू मला माहीत नाही. डब्यातले सगळे फोटो भिंग लावून पाहिले. पुढून काढलेत त्यांत काका उभे आहेत, बाजूने काढलेत त्यांत मी रडतोय, आणि मागून काढलेल्या प्रत्येकात बोट वाळूवरून ओढणारा ट्रॅक्टर आडवा आहे. (ट्रॅक्टर हवा असेल तर मी हुबेहूब काढून देईन.) काका दर वसंतात त्या फळीवर स्वतः काहीतरी रंगवायचे आणि मला ब्रश धरू द्यायचे नाहीत, "ते तुझ्यासाठी नाही" म्हणायचे, एवढंच आठवतं. कोबल समुद्रात जाते ती नाळ पुढे करून, आणि किनाऱ्याला लागते ती पाठ पुढे करून. म्हणजे ते निघाले की घाटावरून तुला तीच फळी दिसायची, आणि परत आले की आधी तीच. आम्ही सगळे तिला पुढूनच ओळखतो. मागून तिला ओळखणारी तू एकटीच आहेस. जमलं तर काढ. हेच विचारायचं होतं.

ता. क. ३. रोवीनाने हे वाचलं. म्हणाली, "एवढ्यासाठी एवढी पानं? फोनवर विचारलं असतंस तर मिनिटात झालं असतं." झालं असतं. पण फोनवर तू गप्प झालीस की मला कधीच कळत नाही, रागावली आहेस की आठवते आहेस.